हात लागला म्हणजे लागला

भाऊसाहेब बुद्धिबळाच्या पटासमोर बसले की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांच्या हातांना मुंग्या येत असतील. चाल ठरली की उजवा हात बाहेर यायचा, मोहरा उचलून जागेवर ठेवायचा आणि पुन्हा मांडीखाली जायचा. डावा हात डाव संपेपर्यंत बाहेर येत नसे. मध्ये चहा आला तर तो गार व्हायचा.

कारण विचारलं तेव्हा त्यांनी मला नियम सांगितला. ज्या मोहऱ्याला हात लावाल तोच हलवायचा. लावल्यावर लक्षात आलं की चाल चुकते आहे, वजीर फुकट जातो आहे, तरी तोच हलवायचा. त्यांची बोटं मुळातच चळवळी. विचार करता करता कुठेतरी जाऊन टेकायची, आणि टेकली की संपलं. म्हणून ती दाबून ठेवायची.

"हात लागला म्हणजे लागला," ते म्हणाले. "त्यात मग 'पण' नाही."

रत्नागिरीतल्या एका सरकारी कार्यालयात आम्ही एकत्र होतो. कोणत्या, ते सांगून काही साधणार नाही. ते अव्वल कारकून, मी कनिष्ठ लिपिक. लॉकडाऊनच्या आधीची ती तीन वर्षं. तिथे सगळेच त्यांना भाऊसाहेब म्हणत, म्हणून मीही म्हणे. ते मात्र कोणालाही मॅडम म्हणत नसत. कालच लागलेली मुलगी असो की दुसऱ्या खात्यातून आलेली अधिकारी, सगळ्या बाई.

नियम पटापुरताच असता तर मी हे लिहायला बसले नसते. तो त्यांनी घरीदारी, सगळीकडे लावला होता. सकाळी ऑफिसात आले की फायलींच्या ढिगासमोर हात पाठीमागे बांधून दहा मिनिटं नुसते उभे राहायचे. मग एक फाईल उचलायचे. ती पुरी होईपर्यंत दुसऱ्या फायलीला त्यांचा हात लागत नसे. साहेबांनी आतून बोलावून अमुक कागद ताबडतोब पाहिजे म्हणून सांगितलं, तरी ते नम्रपणे सांगायचे की सध्या एका फायलीला हात लागलेला आहे. आधीच्या एका साहेबांनी यावरून त्यांना लेखी खुलासा मागितला होता. त्यांनी दोन पानी खुलासा लिहून दिला. पण त्याआधी हातातली फाईल पुरी केली, त्यामुळे खुलासा चार दिवस उशिरा गेला आणि त्या उशिराचा वेगळा खुलासा द्यावा लागला.

फोनवर पाठवलेलं ते पुसत नसत. एकदा पायाच्या अंगठ्याला गळू झालं होतं, त्याचा फोटो त्यांनी डॉक्टरांऐवजी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सकाळी आठची वेळ, लोक नाश्त्याला बसलेले. एकीने लगेच फोन करून सांगितलं की अजून वेळ आहे, काढून टाकता येतो. त्यांनी काढला नाही. खाली लिहिलं, "हा फोटो डॉक्टरांना पाठवायचा होता. तरी आपण पाहिलात, आभारी आहे." तो अंगठा अजूनही त्या ग्रुपवर असेल.

मिरकरवाड्याची गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. एका संध्याकाळी ऑफिसच्या कामावरून परत येताना आम्ही तिघींनी गाडी बंदराकडे वळवायला लावली. लाँची लागल्या होत्या, ताजी मासळी मिळाली असती. भाऊसाहेब गाडीत होते. त्यांच्या घरी मासळी शिजत नसे, पण एकटे गाडीत बसून काय करणार, म्हणून आमच्यामागून हात बांधून आले. बर्फाच्या पाण्याने जमीन निसरडी झाली होती. त्यांचा पाय सरकला आणि सावरताना हात एका भल्यामोठ्या सुरमईवर पडला. हात तसाच ठेवून ते काही वेळ वाकलेले राहिले. मग विक्रीला बसलेल्या बाईला म्हणाले, ही द्या.

त्या बाईने आधी विचारलं, कुठे लागलं का. मग त्यांना समजावून पाहिलं की पडताना लागलेला हात कोणी धरत नाही. आम्हीही समजावलं. त्यांनी सुरमई घेतलीच. ती आमच्या ड्रायव्हरच्या घरी गेली आणि त्याच्या वाडीतल्या चार घरांत पुरली.

परत येताना मी विचारलं की एवढं कशासाठी. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"मुद्दाम लागला का चुकून लागला, हे ठरवणार कोण? मीच ना? मग मी दर वेळी माझ्या सोयीचं ठरवीन," ते म्हणाले. "मला मी चांगला ओळखतो."

त्यांच्या लग्नाची हकिगत मला वहिनींनी सांगितली. गणपतीत त्यांच्याकडे जेवायला गेले होते. शहराला लागून नाचणे गावात जांभ्याचं बैठं घर, मागे हापूसची चार कलमं. भाऊसाहेब आरतीच्या तयारीत होते आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात पानं पुसत होतो. भाऊसाहेब बघायला आले होते ते वहिनींच्या थोरल्या बहिणीला. ती आत साडी नेसत होती, म्हणून पाणी घेऊन धाकटी, म्हणजे वहिनी, बाहेर गेल्या.

"ह्यांनी ग्लास घेतलानीत माझ्या हातनं," वहिनी म्हणाल्या, "आणि बोटाला बोट लागलं. झालं. थोरलीला न बघताच सांगितलंनीत, की लग्न करीन तर हिच्याशी. घरात रडारड. ताईचं पुढे चांगलं झालं, मुंबईस दिली. पण मला अजून कळलेलं नाही, की मी आवडले म्हणून केलंनीत का हात लागला म्हणून."

मी विचारलं की तुम्ही कधी विचारलं नाहीत का. त्या म्हणाल्या, विचारलं होतं, लग्नानंतर वर्षभराने. तेव्हा ते 'दोन्ही' म्हणाले. आधी कोणतं, ते सांगेनात.

माझं घर चिपळूणला. नवरा मुंबईत नोकरीला, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि मुलगी तिसरीत. मी रोज ये-जा करायची. पहाटे निघायचं, रात्री आठाला घरी. सासूबाईंचं सगळं शेजारच्या काकू बघायच्या आणि त्याही थकत चालल्या होत्या. चिपळूणला बदली मिळावी म्हणून माझा दर वर्षी अर्ज असायचा आणि दर वर्षी तो कुठेतरी राहून जायचा. ऑफिसात या गोष्टी मी फारशा बोलत नसे. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बायका एकत्र डबा खायच्या, तिथे प्रत्येकीच्या घरचं निघायचं, म्हणून मी रेकॉर्ड रूमच्या दाराशी एकटीच डबा घेऊन बसू लागले. भाऊसाहेब तिथेच पट मांडून स्वतःशी खेळत असायचे. त्यांनी एकदा विचारलं, शिकता का. मी हो म्हटलं, कारण त्यात बोलावं लागणार नव्हतं.

आठ महिन्यांत मी त्यांना हरवायला लागले. यात माझं कौतुक नाही. ते फारच कच्चे होते. तीस-पस्तीस वर्षं खेळत होते आणि तीस-पस्तीस वर्षं तिथेच होते. शह द्यायची संधी दिसली की राहवत नसे, मग त्यात आपला उंट गेला तरी चालेल. शह म्हणायचेसुद्धा इतक्या हळू, की जणू कोणाच्या पदराला काहीतरी लागलंय ते सांगताहेत. हरत आले की प्रत्येक चालीनंतर "बघू या" म्हणायचे. मात होईपर्यंत डाव सोडत नसत. मात झाली की आपला राजा आडवा न करता उभाच्या उभा उचलून डबीत ठेवायचे.

प्रत्येक डावाच्या चाली लिहिल्याच पाहिजेत, हा त्यांचा दुसरा हट्ट. लिहिलं नाही की जो तो आपलाच डाव सांगतो, असं ते म्हणायचे. मी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहायची. घोड्याला घ, हत्तीला ह, उंटाला उ. संध्याकाळी निघण्याआधी ते सगळं शाईने त्यांच्या वहीत उतरवून द्यायची. माझं अक्षर त्यांना आवडायचं.

मग नवे साहेब आले. पुण्याकडचे, चाळिशीचे, कामाला झटपट. विद्यापीठाकडून बुद्धिबळ खेळलेले होते. रेकॉर्ड रूममध्ये पट आहे हे कळल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी भाऊसाहेबांना केबिनमध्ये बोलावलं, आणि चाली लिहायला मी. तेव्हापासून दर बुधवारी दुपारी तिथे डाव होऊ लागला. दीड वर्ष झाला. दीड वर्ष भाऊसाहेब हरले.

साहेब बहुतेक वेळा वीस-पंचवीस चालींत संपवायचे. एक डोळा मोबाईलवर असायचा. डाव संपला की कुठे काय चुकलं ते नीट समजावून सांगायचे, त्यात हेटाळणी नसे. भाऊसाहेब मान खाली घालून ऐकायचे आणि पुढच्या बुधवारी दुसरीच चूक करायचे. माझ्याशी साहेब कधी खेळले नाहीत. एकदा म्हणाले होते की मॅडम, तुमच्याशी खेळायचं तर मला विचार करावा लागेल. ते ऐकून भाऊसाहेबांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. चार दिवस सगळ्यांना सांगत होते.

भाऊसाहेब मेअखेरीस निवृत्त होणार होते. बदल्याही मेमध्येच निघतात. त्या वर्षी सासूबाईंना पाठीला जखमा झाल्या होत्या आणि काकूंनी मला स्पष्ट सांगितलं होतं की जूनपासून आपल्याच्याने होणार नाही. माझा अर्ज साहेबांच्या शिफारशीसह वर जायला हवा होता. त्यांनी दोन ओळी चांगल्या लिहिल्या तर काम होणार होतं. त्यांच्याशी बोलायचा धीर मी रोज गोळा करायची आणि संध्याकाळी तसाच घरी घेऊन जायची.

मेमधल्या शेवटून दुसऱ्या बुधवारी आम्ही केबिनमध्ये बसलो. उकाडा एवढा, की पंख्याखाली कागद उडत होते आणि घाम वाळत नव्हता. साहेबांच्या टेबलावर काचेच्या वजनाखाली कागदांचा गठ्ठा होता. सगळ्यात वरचा माझा अर्ज होता. माझं अक्षर मला उलट्या बाजूनेही वाचता येत होतं.

डाव नेहमीसारखाच सुरू झाला. पण विसाव्या चालीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की भाऊसाहेब "बघू या" म्हणालेले नाहीत. मी पट नीट पाहिला. साहेबांच्या राजाजवळ त्यांचाच एक घोडा उभा होता. राजाच्या दारातलं प्यादं तो घोडा राखून होता. तो तिथून हलला की भाऊसाहेबांचा वजीर ते प्यादं मारून मात करणार होता. मागून उंटाचा जोर होता, सगळं जुळलेलं होतं. आणि पटाच्या मध्यावर, त्याच घोड्याच्या तोंडाशी, भाऊसाहेबांनी एक प्यादं फुकट ठेवलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी कोणासाठी सापळा लावल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्यांचे हात मांड्यांखाली होते आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तेवढ्यात साहेबांना मुंबईहून वरिष्ठांचा फोन आला. डाव्या हाताने फोन कानाला धरून ते "हो सर, हो सर" म्हणत होते, आणि उजव्या हाताने त्यांनी घोडा उचलला. पटापासून बोटभर वर. मी कागदावर घ काढला. मग ते थांबले. त्यांनी पट पाहिला. घोडा होता तिथेच परत ठेवला आणि राजाशेजारचा हत्ती एक घर सरकवला. राजाला पळायला वाट झाली.

भाऊसाहेब फोन संपल्यावर म्हणाले, "साहेब, घोडा."

साहेबांनी विचारलं, घोड्याचं काय. भाऊसाहेबांनी सांगितलं की आपण तो उचलला होता. साहेब म्हणाले, उचलला नसेल, नीट केला असेल. मग पटाकडे जरा बघून म्हणाले, "खरं सांगायचं तर मला आठवत नाही. मी फोनवर होतो. मॅडम लिहितायत, त्यांना विचारा. त्या म्हणतील ते मला मान्य."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर कागदावर घ होता. त्याच्या पलीकडे, काचेच्या वजनाखाली, अर्ज.

"माझं लक्ष नव्हतं, सर," मी म्हटलं. "मी लिहीत होते."

साहेबांनी खांदे उडवले. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग उजवा हात बाहेर काढला आणि हत्तीच्या चालीला उत्तर म्हणून एक प्यादं पुढे सरकवलं. मी घ खोडून शेजारी ह लिहिला. बावीस चालींनंतर ते हरले. शेवटच्या चार-पाच चालींना "बघू या" म्हणाले. साहेबांनी त्यांच्याशी हात मिळवून सांगितलं की आजचा तुमचा सगळ्यात चांगला डाव होता.

संध्याकाळी मी डाव वहीत उतरवला. शाईने ह. पेन्सिलीचा कागद पर्समध्ये घातला आणि एसटी स्टँडवर फाडून टाकला.

महिना संपायला दोन दिवस असताना माझा बदलीचा हुकूम आला. हुकूम ज्याच्या त्याच्या हातात द्यायचं काम भाऊसाहेबांचं. त्यांनी माझ्यासमोर पोचवही ठेवली आणि एवढंच म्हणाले, "सही करा." निरोप समारंभात त्यांना शाल, नारळ आणि गणपतीची तसबीर मिळाली. साहेबांनी भाषणात सांगितलं की भाऊसाहेबांनी एकदा मला घाम फोडला होता. लोक हसले. उत्तर देताना भाऊसाहेबांनी सगळ्यांचे आभार मानले, कोणाला दुखावलं असेल तर माफी मागितली, आणि बसले.

पुढे चार वर्षं मी त्यांच्याकडे गेले नाही. चिपळूणच्या ऑफिसातून रत्नागिरीला कामाने तीनदा जाणं झालं, तिन्ही वेळा लवकर मोकळी होऊनही थेट गाडी धरली. सासूबाई बदलीनंतर दोन वर्षं होत्या. त्यांचं शेवटचं सगळं माझ्या हातून झालं, याचं मला समाधान आहे आणि ते खोटं नाही. पण त्या समाधानाच्या शेजारी तो खोडलेला घ कायम बसलेला असायचा.

चौथ्या वेळी एका प्रशिक्षणाला गेले होते. दुपारचं सत्र रद्द झालं. मारुती मंदिरच्या स्टॉपवर उभी असताना नाचण्याची रिक्षा समोर आली आणि मी बसले.

दार वहिनींनी उघडलं. त्यांना आनंद झाला. भाऊसाहेब मागे कलमांना पाणी घालत होते. कोकम सरबत देता देता वहिनी आवाज खाली करून म्हणाल्या की हल्ली ह्यांचं काही बरोबर नाही. कुलूप लावून तीनदा परत येतात. बाजारात भाजीवाल्यालाच विचारतात, मी हात लावला होता का रे. तो नाही म्हणाला की पिशवी उचलून निघतात, हो म्हणाला की भाजी घेतात. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले विसरण्याचा आजार काही दिसत नाही, सगळं आठवतं. वहिनी म्हणाल्या, "आठवतं हो सगळं. पण आठवतं त्यावर विश्वास राहिलेला नाही."

मी विचारलं, कधीपासून. त्या म्हणाल्या, रिटायर झाल्यापासून. नोकरी सुटली की पुरुषांचं होतं असं काहीतरी.

भाऊसाहेब हात पुसत आत आले. मला बघून "या बाई" म्हणाले, सासूबाईंची चौकशी केली, मुलगी कितवीत आहे विचारलं. ते समोर बसले आणि मी ठरवलेलं काहीही न बोलता एकदम मुद्द्यावर आले.

"त्या दिवशी साहेबांनी घोडा उचलला होता. मी पाहिलं होतं."

मग त्यांनी विचारलं, किती उचलला होता. मी बोटाने दाखवलं. त्यांनी विचारलं, प्याद्याकडे नेत होते का. मी सांगितलं, हो, प्याद्याकडेच, मी घ लिहिलासुद्धा होता आणि मग खोडला. त्यांनी विचारलं, तो कागद आहे का. मी म्हटलं, नाही, फाडला.

"बरं," ते म्हणाले.

मग त्यांनी वहिनींना हाक मारली. वहिनी हातात पळी घेऊन दारात आल्या. भाऊसाहेब मला म्हणाले, जरा परत सांगा. मी परत सांगितलं, घोडा उचलला होता म्हणून. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मग मी काय सांगत होते चार वर्षं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही कधी खोटं बघितलं नाहीत."

भाऊसाहेबांनी नुसती मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते की काय, ते मला सांगता येणार नाही, कारण मी खाली बघत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, साहेब विसरले ते समजण्यासारखं आहे, फोनवर होते. पण तुम्ही पटाकडे बघताना मला दिसलात आणि लक्ष नव्हतं म्हणालात. तुम्ही खोटं बोलणाऱ्या नव्हे. मग आपल्यालाच नसलेलं दिसलं असणार. आणि त्या दिवशी दिसलं तर आधी कितीदा दिसलं असेल, याचा हिशोब लागेना.

मी म्हटलं, चला, तो डाव तिथून मांडू या, मी साहेबांच्या बाजूने घोडा हलवते. त्यांनी नको म्हटलं. हत्तीच्या चालीला त्यांनी उत्तर दिलं होतं. उत्तर दिलं म्हणजे चाल मान्य केली. तो डाव ते हरलेले होते, त्यात आता बदल होणार नव्हता.

वहिनींनी जेवायला थांबवलं. कुळथाचं पिठलं आणि भात. जेवताना भाऊसाहेब कलमांविषयी बोलत होते, यंदा मोहोर कसा गळला ते. त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला, तेव्हा वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

निघताना मी ओटीवर चपला घालत होते. एखाद्या फायलीत राहिलेला कागद मागावा तसं त्यांनी विचारलं, तेव्हा तसं का म्हणालात. मी सांगितलं की माझा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. त्याच्याकडे बघूनच बोलले.

"टेबलावर होती ती स्थळप्रत," ते म्हणाले.

स्थळप्रत म्हणजे ऑफिसात ठेवायची नक्कल. ती मागे राहते तेव्हा मूळ कागद पुढे गेलेला असतो. हे मला माहीत होतं, माझी नोकरीच ती होती.

"मूळ अर्जावर साहेबांनी आदल्याच दिवशी सही केली होती. शिफारस चांगली लिहिली होती त्यांनी. संध्याकाळच्या टपालाने गेला. जावक नंबर मीच टाकला."

मग मी विचारलं, मला सांगितलं का नाही.

"डाव झाल्यावर सांगणार होतो," ते म्हणाले. "त्या दिवशी मला वाटलं होतं, मी जिंकतोय. म्हटलं, दोन्ही एकदमच सांगू."

मी येते म्हटलं. वहिनींनी पुन्हा या म्हणून सांगितलं. भाऊसाहेब मी फाटकाची कडी लावेपर्यंत ओटीवर उभे होते.

त्यानंतर मी दोनदा त्यांच्याकडे जाऊन आले. बाजारातली ती विचारपूस बंद झाली, असं वहिनी म्हणाल्या. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःहून पट मांडला, हात मांड्यांखाली घातले, आणि दोन्ही वेळा ते हरले. पहिल्या खेपेला मी सवयीने पेन्सिल आणि कागद पुढे ओढला. भाऊसाहेबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि वहिनींसमोर ठेवला. वहिनींना घोडा कोणता आणि उंट कोणता हेही माहीत नव्हतं. ते शिकवण्यात पाऊण तास गेला. मग आम्ही खेळायला सुरुवात केली.